बिनविषाची ज्वारी

सिद्राम गेल्याला दीड महिना झाला. शोकसभेत त्याला ‘भूमिपुत्र शास्त्रज्ञ’ म्हणणारे त्याच्या संशोधन संस्थेचे साहेब अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. ह्याच गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी त्याच्या ज्वारीला भर बैठकीत ‘किड्यांची खानावळ’ म्हटलं होतं, आणि सगळे टेबल बडवून हसले होते. मेलेल्या माणसाला हार घालायला काय लागतं? तो उलटून बोलत नाही!

मी वाशी तालुक्यात पस्तीस वर्षं जनावरांचा डॉक्टर होतो. पावसानं ओढ दिली की कोवळ्या ज्वारीच्या पानांत विष वाढतं. गाय त्यात शिरली की किराळ, म्हणजे ती विषबाधा, लागते, तोंडाला फेस येतो, आणि मी सुई घेऊन पोहोचेपर्यंत बहुतेकदा तिच्यावर गोणपाट टाकलेलं असतं. सिद्राम माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या वडिलांची बैलजोडी अशीच एका दुपारी गेली. पुढं तो शिकला, प्रयोगशाळेत गेला. पानात हे विष पायरीपायरीनं बनतं. त्यातली एक पायरीच त्यानं बंद केली. रोप उगवलं, पण लेचंपेचं. आणि विष नाही म्हटल्यावर किड्यांनी पंगतच मांडली. तिथं संस्थेला कंटाळा आला. तो निवृत्त झाला नि आठ दिवसांत त्याच्या बियाण्याच्या पिशव्या उकिरड्यावर गेल्या. शिकलेल्या माणसांचा उकिरडा, सह्या-शिक्के मात्र व्यवस्थित झाले असणार.

त्याच्याजवळ उरलेलं मूठभर बी त्यानं, परवानगीसाठी वर्षभर खेटे घालून, गावाकडच्या शेतात जाळी मारून तीन ओळींत पेरलं. सगळंच! “थोडं मागं ठेव की रे गाढवा,” मी म्हणालो. “डब्यातलं बी म्हातारं व्हतंय. तुझ्यासारखं,” तो म्हणाला.

रोपं वीतभर झाली तेव्हा तो माझ्याकडं आला. हातात बाटली, तिच्यात चुरडलेली पानं, बुचाला लटकवलेली पिवळ्या कागदाची पट्टी. विष असलं की पट्टी विटकरी होते. “उद्या बघ. पिवळी राहिली तर माझी तांबडी गाय सोडू त्या ज्वारीत दोन घास खायला. तू फक्त सुई घेऊन उभा राहा, आणि काय झालं ते तुझ्या सहीनं लिहून दे. माझं कुणी ऐकत न्हाय, तुझं ऐकतील.”

मी काय म्हणालो? “माझ्या सहीनं गाय मारायची न्हाय मला.” पस्तीस वर्षांचं नाव जपायचं होतं ना! तो हसला, “बरं” म्हणाला... आणि बाटली टेबलावर ठेवून गेला. मी ती न बघताच औषधांच्या कपाटात मागं सारली. चौथ्या दिवशी त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

आमच्याकडं माणूस गेलं की त्या घरची जनावरं शेजारी बघतात. सिद्रामला समाधी देऊन आम्ही माघारी येत होतो, तर समोरून शेजारची सुगंधाबाई त्याची गाय हाकत आली. हिरवं दिसलं म्हणून तिनं जाळीचं फाटक उघडलं होतं. “माणूस गेलं म्हणून मुक्या जनावरानं उपाशी राहावं व्हय, डाक्टर? लई चवीनं खाल्लं बघा. मुळासकट उपटून. एक काडी ठिवली न्हाय.”

मी धावलो. मोटरसायकलच्या पिशवीतून सुई काढली, औषध भरलं, गायीशेजारी उभा राहिलो. अर्धा तास. एक तास. दोन तास. आख्खं गाव भोवती जमलेलं. गायीनं शेपटी उडवली, खाली बसली आणि रवंथ करू लागली. त्यानं मागितलं होतं ते एवढंच... गाय, सुई आणि मी. आता सगळं जमलं होतं, बघायला तो नव्हता.

शोकसभेनंतर साहेब माझ्या कानाशी लागले. “डॉक्टर, गायीचं ऐकलं. थोडं बी मिळेल का हो?”

“गायीला विचारा,” मी म्हणालो.

पण त्यांच्यापेक्षा मी कुठं वेगळा? ते निदान तोंडावर हसले. मी चाळीस-पन्नास वर्षांचा दोस्त, एक दिवस उन्हात उभा राहायला नाही म्हणालो. लाज वाटते, दुसरं काय!

गाय वाचली त्या दिवशी घरी येऊन कपाट उघडलं. पानं काळी पडली होती, पट्टी पिवळीच होती. आजही तशीच आहे. बाटलीला कागद चिकटवून त्यावर मी लिहिलं, ‘गाय सुखरूप आहे.’ खाली सही केली. न्यायला कुणी येत नाही.