पहिल्या भेटीचा वाटा

आमच्या नारिनच्या डोंगरात सागिनबायएवढा बडबड्या वनरक्षक दुसरा नव्हता. साथ आली, परदेशी पाहुणे यायचे थांबले, त्यांच्या पैशावर चालणारे पगारही थांबले, तसे बाकीचे रक्षक घरी बसले. हा खुळा मात्र चौकीवर एकटाच राहिला. बोलायला कुणी नाही म्हणून समोरच्या कड्यावरच्या मोडक्या शिंगाच्या रानबोकडाशी गप्पा मारायचा. बोकडही ऐकायचा म्हणे!

वसंतात एक दिवस खिंडीतून घोडेस्वार येताना दिसला. कित्येक आठवड्यांनी माणूस! सागिनबाय हात हलवत पळत सुटला. जवळ गेल्यावर घोड्यावर आडवी टाकलेली शिकार दिसली आणि जन्मभराच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "शिरालगा!"

आमच्यात वाटेत पहिला भेटलेला माणूस असं म्हणाला, की शिकाऱ्याला त्याचा वाटा द्यावाच लागतो. आणि एकदा वाटा मागितल्यावर त्याच शिकाऱ्याला पकडायचं कोणत्या तोंडानं?

शिकारी गावातलाच एर्मेक होता, मॉस्कोचं काम सुटून परतलेला.

"घ्या की आबा," तो हसला. "मला वाटलं, बंदूकच काढून घेताय." त्याने मागची तंगडी कापून दगडावर ठेवली आणि साथीच्या भीतीने लांब सरकला. "घरात पोरं उपाशी आहेत हो."

"बरं, बरं. जरा बसतोस का पण? चहा टाकतो."

"नको आबा, लांबूनच बरं."

एर्मेकने घोडा वळवला, तेव्हा पलीकडच्या बाजूला लोंबणारं डोकं सागिनबायला दिसलं. त्याचं एक शिंग मोडकं होतं.