वानमध्ये, आईपासून दीड मीटरवर

सिडनीतल्या आमच्या गिरावीनच्या गल्लीत बहराम राहतो. इराणी, इलेक्ट्रिशियन, आणि तिथल्या सरकारशी बिनसल्यामुळे सात वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाच्या आसऱ्याला आलेला. कोविडमुळे सीमा बंद होत्या तेव्हा त्याचे वडील गेले. अंत्यविधी त्याने फोनवर पाहिला. सीमा उघडल्या तसा म्हणाला, "प्रोफेसर, आता आईला तरी भेटतो." (मी कधीकाळी संस्कृत शिकवायचो, एवढ्या भांडवलावर हा किताब.) पण विमानतळाच्या नुसत्या नावाने त्याच्या तळहातांना घाम सुटतो. तेव्हा वैदेहीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, निकाल दिला, "तू सोबत जा. जगाला सल्ले देतोस, एकदा उपयोगी पड."

असा शेजारी असलेल्यांनी ध्यानात ठेवावं: ज्या देशातून पळालो तिथे परत पाऊल ठेवलं, तर इथला आसरा धोक्यात येतो. म्हणून तिसरा देश गाठायचा. आम्ही तुर्कस्तानातलं वान निवडलं, कारण इराणातून तिथे बसने येता येतं. बहरामकडे पासपोर्ट नाही, निर्वासितांचं प्रवासपत्र आहे. त्यावर व्हिसा आधीच काढावा लागला. भारतीय पासपोर्टच्या नावाने कुरकुरणं मी त्या दिवसापासून सोडलं.

खरी मेख परतीत होती. बहरामची ऑस्ट्रेलियात परत शिरण्याची मुभा महिनाअखेरीला संपत होती आणि नव्या मुभेचा अर्ज लटकलेला. विमानात बसायला कोविडची निगेटिव्ह चाचणी हवी. पॉझिटिव्ह आली तर ताप आठवड्यात उतरला असता, पण तोवर मुभा संपली असती.

इस्तंबूलहून दोन तासांत विमान वानला उतरतं. खाली बर्फाचे डोंगर, मध्ये निळंशार सरोवर. बसथांब्यावर आई उतरल्या त्या खोकतच. त्यांच्याकडे गालांना गाल लावून तीनदा मुके घेतात. बहराम हात पसरून धावला आणि मध्येच थबकला. "मादर, थांब!" त्याने चाचणीचं सांगितलं. त्या थांबल्या, छातीवर हात ठेवून मान झुकवली. "धुळीचा खोकला आहे," म्हणाल्या, पण पुढे आल्या नाहीत.

तीन दिवस आम्ही वानचा सुप्रसिद्ध नाश्ता लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना बसून केला. मध, साय, रानभाजी घातलेलं चीज. आई चांगली बशी काठीने आमच्याकडे ढकलायच्या. 'मादर' आणि 'मातृ' कसे एकाच घरचे, हे मी समजावू लागलो.

"प्रोफेसर, चीज खा," बहराम म्हणाला. "आई विचारतेय, हा माणूस बोलतो इतकं आणि खातो इतकं कमी, आजारी आहे का?"

चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यात चाचणी. दुपारी आईंची बस. बहराम नाक चोळत बाहेर आला.

"नमुना गेला ना? आता काही झालं तरी त्यात दिसणार नाही ना?"

"शास्त्राप्रमाणे नाही. परंतु..."

'परंतु' ऐकायला तो तिथे नव्हताच. आईंनी आधी त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला, मग तीन मुके, मग मोजदाद राहिली नाही. बस सुटायची वेळ आली तेव्हा ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, सिगरेट पेटवली. साथीच्या शिस्तीत हे बसत नाही, मला ठाऊक आहे. कृपया प्रतिक्रियांत कळवू नये.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. सिडनीत अधिकाऱ्याने प्रवासपत्राची पानं बराच वेळ उलटली. बहराम तळहात पँटला पुसत उभा. मग "नो वरीज, मेट," आणि आम्ही आत. पुढच्या कस्टमच्या टेबलावर मात्र आईंनी बांधून दिलेलं चीज काढून घेतलं.

दोन दिवसांनी त्याचा फोन, घरी मुलगा जन्मल्यासारखा आनंदी आवाज. "प्रोफेसर, पॉझिटिव्ह! आईलाही कोविड झालाय, पण बरी आहे."

"अरे, मग हसतोस काय?"

"आईचं चीज घेतलं त्यांनी. तिने दिलेलं हे नाही सापडलं."

मलाही झालाच. वैदेही दाराबाहेर पेज ठेवून जायची, आणि पलीकडे बहरामच्या खिडकीतून आठवडाभर खोकल्याच्या उबळींमधून गाणं ऐकू यायचं.