परण्याची मोटार

पुढं राहात्यात कुणाची मोटार अडली की लोक डोळे झाकून सांगायचे, "जोश्यांच्या दत्तोपंताकडं न्या." पण सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात हे नाव घेतलं की लोक आधी हसून घेत. भटाच्या पोरानं पळी-पंचपात्र सोडून हातात पाना धरावा, हे कुणाच्या पचनीच पडेना. लढाईत दत्तोपंत नगरच्या लष्करी वर्कशॉपात इंजिनं खोलत आणि बांधत होता. लढाई संपली, साहेबांनी घरी जायला सांगितलं, आणि हा पठ्ठ्या मनमाडच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकून बसला. गिऱ्हाईक? नाव काढू नका! सायकलचं पंक्चर घेऊन कुणी आलं, तरी त्या दिवशी घरात गोड करावंसं वाटायचं.

त्याचे वडील रंगनाथभट गावचे जोशी. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्यांच्या मंगलाष्टकांवर लागलेली. माणूस कडक. पोटात माया होती, पण ती ओठांवर काही येत नसे. "मुलगा काय करतो?" असं कुणी विचारलं की उपरणं सावरत म्हणायचे, "कोपरगावच्या कचेरीत लागतोय." हा 'लागतोय' सहा महिने चालला होता. दत्तोपंताच्या काळजात ते दर वेळी रुतायचं. शेवटी बापलेकांत ठरलं, वैशाख संपेपर्यंत शेडचा जम बसला तर बसला, नाहीतर कुलूप घालायचं आणि मुकाट्यानं कारकुनी धरायची.

वैशाख अर्धा सरला आणि श्रीमंतराव शेडमध्ये आले. मोसंबीचे बडे बागाईतदार, मिशीला पीळ, आवाज बांधावरून हाक मारल्यासारखा. विलायतेला निघालेल्या एका साहेबाची मोटार त्यांनी हौसेनं घेतली होती. तिला सुपरचार्जर होता. म्हणजे असं, की लोहाराचा भाता भट्टीत वारा कोंबतो ना, तसा पट्ट्यावर फिरणारा एक भाता हिच्या इंजिनात जादा हवा कोंबायचा. मग इंजिनाला दुप्पट जोर चढायचा. सध्या मात्र ती नुसती खोकत होती.

"पंत, पोराचं लगीन हाय," श्रीमंतराव म्हणाले. "नवरदेव हिच्यातनंच यायचा. गाडी अशी पळाली पायजे, की पावन्यांनी तोंडात बोटं घातली पायजेत. लई बोलून बसलोय म्या!"

दत्तोपंताला तर आभाळ ठेंगणं झालं. त्यानं इंजिन साफ केलं, ठिणगीची वेळ पुढं ओढली, भाता पुऱ्या दाबावर ठेवला, भरधाव पळणाऱ्या इंजिनाला लागतात तसले थंड प्लग बसवले. मग श्रीमंतरावांना शेजारी बसवून शिर्डीच्या बाजूला गाडी सोडली. काय सुटली म्हणता! श्रीमंतरावांचा फेटा मागच्या मागं उडाला आणि ते लहान पोरासारखे हसत सुटले. त्यांनी दत्तोपंताच्या पाठीवर थाप मारली, "आता चाक बी तुमीच धरा परण्याला."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी रंगनाथभट शेडच्या दारात उभे राहिले. तोवर त्यांनी त्या शेडची पायरी चढली नव्हती.

"मुहूर्त गोरज आहे," ते म्हणाले. "परण्या चारला निघेल. दत्तू, ही चालेल ना?"

"पळेल, अण्णा!"

"पळायचंय कुणाला?" अण्णा करवादले. "अरे, परण्या म्हणजे नवरदेव मारुतीच्या पाया पडून वाजतगाजत मांडवात यायचा. देऊळ ते मांडव हाकेच्या अंतरावर, पण जायला दोन तास लागतात. चार पावलं झाली की लेझीम, चार पावलं झाली की ओवाळणी. जन्म गेला माझा त्या उन्हात ताटकळण्यात. तेवढा वेळ ही मुंगीच्या पावलानं चालेल का, ते विचारतोय मी."

दत्तोपंतानं कपाळावर हात मारला. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट ह्या शहाण्याच्या डोक्यातच आली नव्हती! त्यानं गाडी चालू करून जागेवर ठेवली. थोडा वेळ ती गुरगुरली. मग प्लग काजळीनं भरले, पाणी उकळलं आणि दोन आचके देऊन इंजिन बंद पडलं. नवरदेव बसलेला असताना असं झालं असतं तर? अपशकुन म्हणून सोयऱ्यांनी गाव डोक्यावर घेतलं असतं. शेडकडं तर कुणी कुत्रंही फिरकलं नसतं.

दोन वाटा होत्या. तशीच ठेवायची, आणि देवावर हवाला ठेवून परण्या संपल्यावर रस्त्यावर पळवून दाखवायची. किंवा भाता ढिला करायचा, म्हणजे गाडी सोशिक होईल, पण श्रीमंतरावांच्या बढाईचं पाणी होईल. दत्तोपंत सरळ त्यांच्या वाड्यावर गेला आणि खरं ते सांगून मोकळा झाला.

श्रीमंतराव भडकले. "म्या पावन्यांना काय सांगू? घोडं आनलं पन टांग्याचं?"

"सांगा, की पळायला पुढचे दिवस आहेत. लग्नादिवशी नवरदेव सुखरूप मांडवात पोचवायचा आहे."

श्रीमंतरावांनी मिशीचा पीळ सोडला. "करा तुमच्या मनासारखं," ते म्हणाले. "पन बंद पडली, तर पुन्यांदा तोंड दावू नका."

शेडवर परतून दत्तोपंतानं भात्याला मोठी पुली चढवली, तो मंद फिरू लागला. ठिणगी मागं घेतली, मंद चालीतही काजळी जाळून टाकणारे गरम जातीचे प्लग घातले. पण आता पारख कशी करायची? अण्णा अजून तिथंच होते. त्यांनी उपरणं कमरेला गुंडाळलं आणि गाडीपुढं येऊन उभे राहिले.

"चल. मी लेझीम."

आणि काय सांगावं, साठीचा तो कडक भटजी भर उन्हात चार पावलं चालायचा, थांबायचा, आरती ओवाळल्यासारखा हात फिरवायचा, पुन्हा चार पावलं! मागून दत्तोपंत गाडी सरकवतोय. रस्त्यानं जाणारे गाडीवान बैल थांबवून बघत राहिले. अण्णांनी कुणाकडं ढुंकून पाहिलं नाही. ऊन कलेपर्यंत बापलेकांचा परण्या शेडभोवती फिरत राहिला, आणि इंजिन एकदाही बंद पडलं नाही. दत्तोपंताला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

दुसऱ्या दिवशी खरा परण्या निघाला. पेठेच्या कोपऱ्यावर लेझीमवाल्यांना असा चेव चढला की ते हलेचनात. इंजिन एकदा खोकलं. दत्तोपंतानं पायानं हलकेच पेट्रोल दिलं. पुढं चाललेल्या अण्णांनी मागं वळून पाहिलं, आणि थेट लेझीमवाल्यांच्या घोळक्यात शिरले. "चला रे, मुहूर्त टळतोय!" असे काही ओरडले की ताशासुद्धा दचकला. मुहूर्ताला चांगला अवकाश होता, पण ते भटजीला कोण सांगणार? घोळका पुढं सरकला, गाडी सरकली, आणि नवरदेव थेट मांडवाच्या दारात उतरला.

पंगत बसली. नवरीकडच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यानं अण्णांना विचारलं, "भटजीबुवा, तुमास्नी मुलगा हाय म्हनं. काय करतो?"

पलीकडं बसलेल्या दत्तोपंताचा घास हातातच राहिला. आता कोपरगावची कचेरी येणार, हे त्याला तोंडपाठ होतं.

अण्णांनी उपरणं सावरलं. "दिसला नाही का तुम्हाला? गाडी त्यानंच आणली की मांडवात," ते म्हणाले. "मोटारी दुरुस्त करतो. मनमाडच्या रस्त्याला शेड आहे आमची."