तिरफळांची पूड

आमचे हे जामसंड्याला शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्याने घरी गप्प बसावं, असा नियम सरकारने करायला हवा होता. साठ सालाच्या आगेमागे तो नव्हता, आणि मी भोगलं.

मामंजी विषमज्वरातून उठले होते. महिनाभर पेज, पेज आणि पेज. डॉक्टरांनी माशाची मोकळीक दिली त्या दिवशी त्यांनी एकच मागितलं: बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, वासाला तिरफळं घालून.

मी सुपाकडे गेले तर सूप रिकामं. वर्षभराची तिरफळं त्यात वाळत घातली होती. आता तिथे एक काचेची बरणी, आत काळपट पूड आणि वर चिठ्ठी: ‘तिरफळ, अर्धा चमचा’. रोज ठेचण्यातला माझा वेळ वाचावा म्हणून यांनी सगळी कुटून ठेवली होती. माझा वेळ वाचवायला निघाले की हे माझं काम दुप्पट करतात.

“आतल्या काळ्या बिया काढल्यात ना?”

“हो हो,” वर्तमानपत्रामागून उत्तर आलं.

मामंजींनी पहिला घास घेतला. जबडा थांबला.

“सूनबाय, हेच्यात रेव खंयसून इली?”

“तुमच्या झिलाक इचारा, मामंजी.”

यांनी बियांतल्या तेलाचे गुण सांगायला सुरुवात केली. मामंजींनी ताट सरकवलं. महिन्याने मिळालेला मासा टाकून ते खाटेकडे निघाले.

“अजून दोन बांगडे आसत,” मी म्हटलं. “परत करतंय.”

मामंजी वळले ते लेकाकडे. “वाटी घे आणि तिरफळां मागत चार घरां फिर. कित्याक होयी, ता खरां सांग.”

पहिल्याच घरात शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “मास्तरांनू, बियो काढून टाकूच्यो असतत. ह्या शाळेत शिकवणत नाय?” दुसऱ्या घरी काही सांगावंच लागलं नाही, गोष्ट कुंपणावरून पुढे गेली होती. पाच तिरफळं मागितली तिथे लोकांनी हसत हसत ओंजळभर दिली. वाटी घेऊन गेलेले हे सदऱ्याचा ओचा भरून आले.

मामंजींनी दोन्ही बांगडे काटे चोखून संपवले. मग बरणी हातात घेऊन उजेडात धरली. “बरणी बरी आसा. मीठ ठेव हेच्यात.”

पूड माडाच्या आळ्यात गेली. चिठ्ठी मी ठेवलीय. हे नवी सुधारणा सुचवू लागले की ती मी मुकाट्याने त्यांच्या ताटाशेजारी ठेवते.