चुकवायलाही नेम लागतो

लबाडीचे किस्से शोधायला जावं लागत नाही. दहा बायकांच्या हातात एक चेंडू द्या, आपोआप ढीग लागतो!

आमच्या गावात रविवारी दुपारी समाजमंदिरात आम्ही बायका बॉलिंग खेळतो. माझी जाऊ शोभा पुण्याच्या मॉलमध्ये बघून आली. वाळू भरलेल्या दहा बाटल्या, रबरी चेंडू, गुळगुळीत फरशी. जी कमी पाडते तिला पुढच्या खेळात फुकटचे गुण, म्हणजे सूट. वही माझ्याकडं. चौथी शिकले, पण बेरीज चुकत नाही! बाटल्या उभ्या करायच्या त्याही मीच. एकेक वाकण्याला कंबर बोंबलते.

सुटेवरून भांडून दोघी खेळ सोडून गेल्या. आणखी दोघी गेल्या की खेळ बंद. घराबाहेर मोठ्यानं हसायची आमची एवढीच जागा. म्हटलं, खोटी सूट लाटणाऱ्या चोरट्या पकडायच्याच!

*

कमळ म्हणाली, "वैनी, खांदा गेलाय. सूट वाढव." वाढवली.

गुरुवारी ओतूरच्या बाजारात बघते तर बाई कांद्याच्या पिशव्या एकटी टेम्पोत फेकतीय!

"काय गं, खांदा?"

"ह्यो कांद्याचा खांदा हाय वैनी. खेळायचा दुसरा!"

*

उषा म्हणाली, "सकाळी लेण्याद्री चढून आले. पाय लटपटत्यात. दोनची सूट दे."

"देवाला गेलीस ना? मग त्याच्याकडंच माग!"

तिनं तिथंच डोळे मिटले, हात जोडले, चेंडू सोडला. नऊ पडल्या! मी वही मिटली.

*

आता शोभा. पहिल्यांदा आठ-आठ पाडायची, मग एकदम शून्यावर आली. मी नीट बघितलं. खरी चुकणारी कुठंही चुकते. हिचा चेंडू दर वेळी कडेच्या बाटलीला बोटभर सोडून एकाच फरशीवरून जायचा. एवढं नेमकं चुकायला केवढा नेम लागतो, राव!

एका रविवारी मी त्याच रेषेत, बाटल्यांच्या मागं, चहाचा रिकामा ग्लास ठेवला.

टण्ण!

"शोभे, बाटली न्हाई पडली, पण तू घावलीस!" सूट रद्द. वर शिक्षा : फायनलला बाटल्या तिनं उभ्या करायच्या.

*

हिरामावशी वरच्या डोंगरातल्या, भातशेतीवाल्या, लेकीकडं राहायला आलेल्या. वर्षभरात एका वेळी एकीच्या वर बाटली पाडली नाही. सगळ्यांत मोठी सूट त्यांनाच. मी तोंडावर म्हटलं, "मावशी, तुमच्यामुळं खेळाचा इस्कोट झालाय!"

त्या नुसतं विचारायच्या, "कंबर लई दुखती का गं?"

फायनलला मावशी उभ्या राहिल्या. "माझी सूट खोड," म्हणाल्या.

पहिला चेंडू. दहा!

शोभानं बाटल्या लावल्या. दुसरा चेंडू. दहा!

तिसऱ्यालाही दहा! सोडून गेलेल्या दोघीसुद्धा दारात येऊन थांबल्या होत्या.

मी वही आपटली. "मावशी, एवढं येत व्हतं तर वर्षभर का न्हाई पाडल्या?"

मावशींनी घामेजलेल्या शोभाकडं बघितलं, मग माझ्या कंबरेकडं.

"आज बाटल्या ती उचलतीया ना? मग गप बस की!"