पिवळ्या हातांची साळूबाई

सांगलीच्या हळदपेठेत साळूबाई मुकादमीण येताना दिसली की हमालसुद्धा वाटेतून बाजूला सरायचे. बाईमाणूस मुकादम, हे लोकांना पचायला जडच होतं. पण लढाई सुरू झाली, गावोगावचे गडी पलटणीत भरती झाले, आणि हळद निवडणाऱ्या साठ बायकांवर वचक ठेवील असं दुसरं कुणी वखारीच्या मालकाला सापडेना. साळूबाईचा नवरा जोतिबाही लढाईवरच होता. ती मूळची शिराळ्याकडची. पदरात एकच लेक, बनु, तीन वर्षांची.

मुकादमी म्हणजे नुसतं हात कमरेवर ठेवून उभं राहणं, असं ज्याला वाटतं त्यानं एक दिवस करून बघावी. जमिनीखालच्या पेवातनं साठवणीची हळद आली, बोलवा साळूबाईला. पोतं उसवलं, बोलवा साळूबाईला. दोघींचं वाजलं, झिंज्या धरल्या, तरी साळूबाईच. मालक शिंकला तरी तिलाच हाक मारायचा. कामाला वाघीण होती हेच तिचं चुकलं म्हणायचं. अंधार पडल्यावर ती घरी यायची, तोवर बनु शेजारच्या धोंडुबाईच्या, म्हणजे तिच्या आत्तीच्या, मांडीवर जेवून पेंगलेली असायची.

त्या साली नागपंचमीला वखार लवकर सुटली. साळूबाईनं हौसेनं पुरणाचे दिंड उकडले, लेकीला पुढ्यात घेतलं आणि गरमगरम दिंडाचा घास तिच्या तोंडात घातला. बनुनं तो थू करून टाकला.

"कडू हाय. आत्तीच्या हातचं पायजे."

पुरण कधी कडू असतं का? साळूबाईनं आपला तळवा चाटून बघितला, तर तोच कडू. दिवसभर हळदीत बुडालेले हात ते. मग तिनं राख लावली, चिंच लावली, नारळाच्या शेंडीनं घासून घासून कातडी लाल केली, पण नखांतला आणि भेगांतला पिवळा रंग काही हलेना. ज्या हळदीवर चूल पेटत होती तिचा तिला त्या दिवशी मनापासून संताप आला. साठ बायका आपल्या धाकात, आणि घरचं एवढंसं पोर आपल्या हातचं खाईना. ती चुलीपुढं बसून पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी मालकापुढं जाऊन तिनं काम सोडत असल्याचं सांगितलं.

"साळूबाई, डोकं ठिकाणावर आहे ना? तुमच्यामागं या बायकांना आवरायचं कुणी?"

"त्यास्नी कुणीबी आवरंल, मालक. माझी एकुलती पोर मला परकी झालीया."

"गौरी-गणपतीपर्यंत जागा रिकामी ठेवतो," मालक म्हणाला. माणूस वाईट नव्हता. वखारीपलीकडं त्याला दिसत नसे, एवढंच.

लढाईमुळं नवं कापड मिळणं मुश्कील झालं होतं. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून शिवलेल्या वाकळेला त्यामुळं भलतीच किंमत आली होती. साळूबाईची आई वाकळा शिवण्यात पटाईत, आणि तिचा टाका लेकीच्या बोटांत उतरलेला. जिथनं बोलावणं येईल तिथं जायचं, ओसरीवर बसून शिवायचं, बनुला शेजारी खेळवायचं. कुणाची चाकरी नको की कुणावर ओरडणं नको. पेठेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मुकादमीण आता चिंध्या शिवती म्हणाल्या. म्हणेनात का.

पण बनुचं तोंड काही उघडेना. सकाळी धोंडुबाईनं आपल्या हातानं भाकरी मोडून, फडक्यात बांधून द्यायची, तीच ती खायची. आईनं मोडलेला तुकडा त्यात मिसळला तर बाजूला काढून ठेवायची. असलं पोर!

सांगलीवाडीच्या रंगुबाईची सून बाळंतपणाला टेकली होती. तिच्यासाठी वाकळ शिवायचं बोलावणं आलं. अस्तराला पांढरं धुवट धोतर होतं. हाताला घाम फुटला तशी टाक्यांच्या कडेनं पिवळी बोटं उमटत गेली. साळूबाईनं ती पदरानं पुसून बघितली, पण निघेनात. रंगुबाईनं वाकळ उजेडात धरली.

"असूं दे ग. बाळंतिणीला हळदीचं काय वावडं हाय व्हय?"

गौरी दोन दिवसांवर आल्या. त्या दिवशी धोंडुबाई पहाटेच माहेरी कवठे महांकाळला गेलेली, त्यामुळं मोडून बांधलेली भाकरी नव्हती. बनु सकाळपासून उपाशी, तोंड घट्ट मिटून रंगुबाईच्या ओसरीच्या कडेला बसलेली. आणि नेमका वखारीचा गाडीवान गुंडा निरोप घेऊन आला.

"मुकादमीणबाई, मालक इचारत्यात, कवा येताय? तिथं लय गोंधळ माजलाय बघा."

साळूबाईची सुई थांबली. खरं सांगायचं तर तिला वखारीची आठवण यायची. तिथं तिच्या शब्दाला मान होता. इथं काय मिळवलं? लेक अजून धोंडुबाईचीच. तिच्या ओठांवर 'येते' आलंही होतं.

"बस जरा," ती म्हणाली. "एवढा कोपरा व्हऊ दे."

वाकळेचा शेवटचा कोपरा मिटण्याआधी त्यात भाकरीचा कण ठेवायचा, ही तिच्या आईची रीत. वाकळ उपाशी राहिली तर अंगावर घेणाऱ्याला ऊब लागत नाही, असं ती मानायची. साळूबाईनं फडक्यातल्या आपल्या भाकरीचा कण मोडला, कोपऱ्यात सारला, "खा माय" म्हणाली आणि टाका घातला.

बनु सरकत सरकत जवळ आली होती.

"तिला कडू न्हाई लागलं?"

"न्हाई की."

"थुकली न्हाई?"

"न्हाई."

बनुनं वाकळेच्या त्या कोपऱ्याला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग उठून आईच्या पुढ्यात येऊन बसली आणि तिनं आ केला.

साळूबाईनं भाकरी मोडली. घास लेकीच्या तोंडात ठेवला. बनु कपाळाला आठ्या घालून चावत राहिली. गुंडा निरोपाचं विसरून तिच्याकडं बघत बसला.

"हाय कडू," बनु म्हणाली, आणि तिनं पुन्हा तोंड उघडलं.