ग्रीसबाईने अडवलेली गाडी

ट्रकच्या यार्डात तिला सगळे ग्रीसबाई म्हणत. आधी ती तिथे झाडलोट करायची. जुन्या ग्रीसवाल्याचं कंबरडं गेलं आणि त्याने ग्रीसगन तिच्या हातात दिली, तेव्हा ड्रायव्हर लोक हसले होते. "आता जपून बोला रे, बाईच्या हातात गन आली." पुढे त्यांचं हसू आपोआप बंद झालं.

दोन पिचकाऱ्या मारून काम उरकणं तिला जमायचं नाही. ट्रकचा पुढचा भाग जॅकवर उचलून ती चाकं अधांतरी करायची, कारण चाकांवर ओझं असलं की पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनमध्ये ग्रीस हवं तिथे पोचत नाही. ग्रीस भरायचं बारीक तोंड, म्हणजे निपल, फडक्याने पुसायची, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. मग जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत दाबत राहायची.

आई गेली तेव्हा धाकटा भाऊ पाटीवर गिरवत होता. त्याला वाढवण्यात तिचं लग्न राहून गेलं. तो मोठा झाल्यावर तिने मुकादमाच्या हातापाया पडून त्याला यार्डात चिकटवलं. पोरगा हुशार निघाला, ड्रायव्हर झाला. भावजय आली, भाची झाली. दोन खोल्यांत सगळे मावत होते. भाची तर आत्याच्याच कुशीत झोपायची.

कंपनीने नवा ट्रक घेतला, तेव्हा तो कुणाला द्यायचा यावर बरीच कुजबुज झाली. एक अवघड खेप होती. ती वेळेत पोचवली तर गाडी धाकट्याची, असं मुकादम बोलून गेला होता.

त्या सकाळी त्याच्या जुन्या ट्रकमध्ये माल भरून झाला होता. धाकटा सीटवर बसून स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवत होता आणि ती खाली, स्टिअरिंगबरोबर चाकं वळवणाऱ्या टाय रॉडच्या सांध्यावर तळवा ठेवून पडली होती. चाक हलायच्या आधी आतला गोळा हलत होता. वरचं रबर फाटलेलं. ग्रीस दाबलं तर गंजाचं तपकिरी पाणी बाहेर आलं.

"खाली ये," ती म्हणाली.

त्याने वाकून पाहिलं. "हाताला जरा ढिलं लागतंय एवढंच ना? परत आलो की बदलू."

"वाटेत सगळा उतार आहे. सांधा सुटला तर चाक वळायचं नाही."

"ताई, आजची खेप म्हणजे काय आहे, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग तुला काही दिसलंच नाही, असं समज."

ती उठली, हात पुसले आणि मुकादमाकडे गेली. नवा सांधा स्टोअरमध्ये नव्हता. तो मागवून ठेवणं मुकादमाचं काम होतं. पण तो सगळ्यांच्या देखत धाकट्याला म्हणाला, "तुझी बहीणच गाडी सोडत नाही बाबा, मी काय करू?" माल दुसऱ्या ट्रकवर चढवला गेला. तो लंबू म्हणून एक ड्रायव्हर घेऊन गेला, आणि नवी गाडीही त्यालाच मिळाली.

संध्याकाळी भावजयीने तिच्या पुढ्यात ताट आदळलं. धाकटा भिंतीकडे बघत म्हणाला, "परक्याने केलं असतं तर सोसलं असतं. तू माझ्या अन्नात माती कालवलीस."

"रस्त्यात काही झालं असतं तर?"

"झालं का?"

जे झालंच नाही ते दाखवायचं कसं?

नवा सांधा बसला त्या दिवशी मुकादमाने जुना चारचौघांत फिरवून दाखवला. "अजून वर्षभर चालला असता," म्हणाला आणि भंगारात फेकला. तिने तो उचलून आणला, गोळा हलवून दाखवला. हलत्या दातासारखा तो खुळखुळत होता. मुकादमाने चहाचा कप उचलला आणि तोंड फिरवलं. बाकीचे आपापल्या गाड्यांकडे गेले.

धाकट्याने दुसऱ्या कंपनीत नोकरी धरली आणि बिऱ्हाड हलवलं. सामान चढवताना भाचीने विचारलं, "आत्या नाही येत?"

"आत्या गाडी सोडत नाही, बाळा," भावजय म्हणाली.

पुढे एकदा तो माल घेऊन याच यार्डात आला. ती लांबूनच त्याच्या पुढच्या चाकांकडे बघत राहिली. निपलांवर वाळलेल्या चिखलाचे थर चढले होते, कित्येक दिवसांत कुणी हात लावला नव्हता. फडकं आणि गन घेऊन ती तिथे जाऊन वाकली.

"राहू द्या," तो वरून म्हणाला.

"जरा वेळाचं काम आहे रे."

"बाई, ही तुमच्या कंपनीची गाडी नाही."

ती बाजूला झाली. त्याने गाडी काढली, फाटकाशी वळवली आणि निघून गेला.

त्याची गाडी अजून धावते आहे, साधा ओरखडाही नाही. येणारे-जाणारे ड्रायव्हर सांगतात तेव्हा तिचा जीव भांड्यात पडतो. मग यार्डात कुणीतरी हळूच म्हणतं, बघा, उगाच पोराचं नुकसान केलं. भाची शाळेत जायला लागली, हे तिला लंबूने सांगितलं. त्या वेळी ती त्याच नव्या ट्रकखाली पडून किंगपिनला ग्रीस देत होती. "बरं," एवढंच ती म्हणाली, आणि त्याला स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवायला सांगितलं.